हातातून हातात गेलेली सुरी

बातमी आली ती कापसाच्या गाडीवरून. सरकी काढायच्या जिनात माल घेऊन नंदुरबारला आलेला कोरीटचा गाडीवान आमच्या दाराशी थांबला. बैल सोडले नाहीत, पाणी विचारलं तर नको म्हणाला, आणि वहाणा पायात तशाच ठेवून ओट्याखाली उभा राहिला. मी मेथी निवडत होते. "जिजी गयी माय," तो म्हणाला, "पहाटले." मी विचारलं, "कोनती जिजी?" माहीत असून विचारलं. कोरीटमध्ये जिजी म्हणवणाऱ्या बायका काही कमी नव्हत्या, त्यातली एखादी दुसरी असेल तर असू दे, असं मन त्या क्षणी म्हणत होतं. लाज वाटावी अशीच गोष्ट, पण मन विचारून थोडंच म्हणतं. गाडीवानाने खाली बघत एवढंच सांगितलं, "तुम्हनीच." मग तो गेला, आणि मी उरलेली सगळी मेथी निवडून संपवली, देठांसकट.

जिजी म्हणजे माझी थोरली जाऊ. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. या पुरवणीत थोरामोठ्यांवर लिहून येतं ते मी वाचते. जिजी थोर नव्हती. तिने सभा पाहिली नाही, सूत कातलं ते वाती वळण्यापुरतं, आणि तिचं नाव कोरीटच्या शिवेबाहेर फारसं कोणाला ठाऊक नसेल. पण स्वस्तातली सुरी पारखावी तर तिने. महागाची सुरी कोणीही घेईल हो, तिच्यावर छापच असतो. बाजारात फडक्यावर ढीग घालून मांडलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या, एकसारख्या चमकणाऱ्या सुऱ्यांतून घरी जन्मभर पुरेल अशी एक उचलायची, हे काम वेगळं. ते तिला यायचं, आणि त्यातच ती आयुष्यभराची दुखावलीही गेली. ते मला सांगायचं आहे.

मी सारंगखेड्याची. लग्न होऊन कोरीटला आले तेव्हा जीभ फार चालायची माझी, अजूनही चालते असं घरात म्हणतात. सासरी पहिल्यांदा चुलीपाशी बसले, जिजी वांगी घेऊन बसली होती आणि चिरा द्यायला तिने सुरी मागितली. आमच्याकडे चिराचिरी सगळी विळीवर, सुरी लागते ती भरल्या वांग्यांना, मिरच्यांना, भरताच्या वांग्याला टोचे मारायला. मी आपली सुरी तिच्यापुढे धरली. तिने हात असा मागे घेतला की मला वाटलं विंचूच दिसला हिला. "खाले ठेव," ती म्हणाली. "मंग मी उचलसू." सुरी, कात्री, विळा, धारेची कोणतीच वस्तू एकीच्या हातून दुसरीच्या हातात जाऊ द्यायची नाही, दोघींत भांडण लागतं, हे माझ्याही माहेरी होतंच, पण ते आम्ही आठवलं तर पाळायचो. मी हसून म्हटलं, "जावाच ना आपन, भांडसूतच की." त्यावर जिजी मान वर न करता म्हणाली, "भांडूत. पन सुरीना नाववर कसाले?" मी सुरी जमिनीवर ठेवली, तिने उचलली. त्यानंतर किती वर्षं आम्ही एका चुलीपुढे बसलो, आणि ती सुरी अशी खाली टेकत टेकत आमच्या दोघींमध्ये फिरत राहिली. पुढे पुढे तर ते इतकं अंगवळणी पडलं की सुरी टेकल्याच्या बारीक आवाजावरूनच कळायचं, जिजीचं झालं, आता माझी पाळी.

तिची पारख बघायला मला फार आवडायचं. दुपारच्या झोपेत ऐकलेल्या गोष्टीसारखं ते मला अजून ऐकू येतं. ती सुरी मुठीत घट्ट धरायची नाही, दोन बोटांत सैल लोंबती धरायची आणि नखाने पात्यावर एक टिचकी मारायची. मग डोळे मिटायची. चांगलं पोलाद असलं की बारीक, लांब आवाज निघायचा, आणि तो विझेपर्यंत जिजी हलायची नाही. "ऐक," म्हणायची, "बोली ऱ्हायनी." खराब असली की नुसतं ठप. जिनातल्या रुईच्या गाठी ज्या लोखंडी पट्टीने आवळतात, ती पट्टी भंगारात येते, आणि तिच्या सुऱ्या पाडून बाजारात विकणारे आमच्या भागात पैशाला पासरी. घासूनपुसून त्या अशा चकाकतात की नवी नवरी भुललीच पाहिजे. जिजी दोन टिचक्यांत ओळखायची. "गाठनी पट्टी शे. इले सुरी कोन म्हनस?" मग टोक फळीवर टेकवून पातं जरासं वाकवायची आणि सोडायची. पट्टीची सुरी वाकली ती वाकलीच. मूठ कानाशी नेऊन हलवायची, आत नुसती लाख भरली असली तर पातं खुळखुळतं, आणि गरम पाण्यात दोनदा पडलं की हातात येतं. आणि सगळ्यात शेवटी कापूस. तिच्या कनवटीला कापसाची चिमूट असायचीच. ती चिमूट धारेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अलगद ओढायची. जिथे धार दातरलेली असेल तिथे तंतू अडकून राहायचा, डोळ्यांना दिसणार नाही असं दातरं तो पांढरा तंतू दाखवायचा. विकणारे वैतागायचे. एक जण म्हणाला, "बाई, सुरी घेताय का पोरगी पाहताय?" जिजी म्हणाली, "पोरगी राह्यती तं इतलं देखतू नही. पोरगी घरमा येइसन सुधरी जास." तिच्या बाजूला बसलेल्या बायका हसल्या, आणि मी तर जरा जास्तच हसले, कारण त्या घरात येऊन सुधारायची होती ती मीच.

मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो. ते माझं माहेर, तेव्हा यात्रेला मी जाणार हे ठरलेलं, आणि जिजी माझ्याबरोबर येणार हेही. गाडी तापीच्या अलीकडच्या काठावर सोडायची आणि नावेने पलीकडे जायचं. सकाळी नदीवर धुकं असायचं. पलीकडचा काठ दिसायचा नाही, पण घोड्यांचं खिंकाळणं पाण्यावरून यायचं, आधी लांबून आणि मग एकदम जवळून, आणि जिजी नावेत डोळे मिटून बसायची. तिला विचारलं तर म्हणायची, घोडेही वाजवून घ्यावेत, आवाजावरून कळतात.

त्या वर्षी आम्ही घोड्यांच्या बाजाराच्या कडेला, घिसाड्यांच्या पालांपाशी बसलो होतो. घिसाडी म्हणजे गावोगाव भाता घेऊन फिरणारे लोहार. तिथे जिजीला एक सुरी सापडली. काळी, ओबडधोबड, मुठीला साधं बाभळीचं लाकूड, ढिगाच्या अगदी तळाशी. तिने टिचकी मारली आणि तो आवाज... काय सांगू, सभोवती एवढा गलका होता, पण मला तो स्पष्ट ऐकू आला. जिजीने पात्यावरून बोट फिरवलं, माझंही बोट धरून फिरवलं. पाठीच्या बाजूला बारीक बारीक खरखर होती. "कानसना दात शेत," ती म्हणाली. घोड्यांना नाल ठोकणारे त्यांचे खूर घासायला जी मोठी कानस वापरतात, ती झिजल्यावर ठोकून केलेली सुरी होती ती. दात पुरते गेले नव्हते. असं पोलाद पुन्हा मिळायचं नाही, असं ती पुटपुटली, आणि ती कनवटीची कापसाची चिमूट काढणार तेवढ्यात बाजारात आरडाओरडा झाला. एक पांढरं शिंगरू दावं तोडून पालांमधून सुटलं होतं. घिसाडणीची रांगती पोर भात्याच्या पुढे, अगदी वाटेत बसली होती. जिजीने हातातली सुरी माझ्या हातात कोंबली, "धर" म्हणाली, आणि पुढे जाऊन पोर उचलली. शिंगरू तिच्या पदराला घासून गेलं. घिसाडीण धावत आली, रडली, जिजीच्या पाया पडली, पोर मात्र एकदाही रडली नाही. मग आम्ही ती सुरी घेतली, वर जिलबी घेतली, आणि परत नावेत बसलो.

नाव मध्यावर आली तेव्हा ऊन पडलं होतं, पाणी झगझगत होतं आणि मला डुलकी लागत होती. जिजी एकदम म्हणाली, "धाकले, सुरी तुले कोनी दिधी?" मी म्हटलं, "तूच दिधी ना." ती म्हणाली, "खाले ठेयी व्हती ना मी?" मी झोपेतच हसून म्हटलं, "खाले कोठे, हातमाच दिधी की." तिने नुसतं माझ्या मांडीवरच्या त्या सुरीकडे पाहिलं, आणि मग पाण्याकडे. मला वाटलं दमली असेल. घरी पोहोचेपर्यंत ती पाण्याकडे पाहत होती तशीच रस्त्याकडे पाहत राहिली.

आणि त्या पाडव्याला आमचं घर फुटलं. आता हे नीट सांगितलं पाहिजे. दोघा भावांची धुसफूस जुनी होती, मोटेच्या पाण्याच्या पाळीवरून. आमच्या ह्यांना नंदुरबारला नोकरी लागत होती आणि त्यांचं मन शेतातून केव्हाच उठलं होतं. मी त्या घरात येण्याआधीपासून हे शिजत होतं, आमच्या दोघींचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. आम्ही दोघी तर भांडलोही नाही. चूल वेगळी झाली त्या दिवशी भांडी वाटली, दळणाचं जातं थोरल्यांकडे राहिलं, पाटा आमच्याकडे आला, आणि ती सुरी मध्येच पडून राहिली. मी म्हटलं, "जिजी, तू ठेव, तुन्ही पारख शे." ती म्हणाली, "नको." मी म्हटलं, मग मी नेते, तर म्हणाली, "तू भी नको." तिने ती फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याच्या वरच्या कोनाड्यात सारली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मन्हामुये घर फुटनं." मी हसण्यावारी नेलं. मला खरंच वाटलं, चार दिवसांत विसरेल.

ती विसरली नाही. त्या दिवसापासून जिजीने सुरी पारखायची सोडली. आठवड्याच्या बाजाराला बायका तिला बोलवायला यायच्या, सुनेला नवी सुरी घ्यायची आहे, चला ना जिजी, टिचकी मारून सांगा. ती जायची नाही. मन्हा हात वाईट, असं सांगायची. बायकांना वाटायचं हात दुखतो, त्या तेल चोळायला सांगायच्या. यात्रेलाही ती पुन्हा आली नाही. मी सणावाराला कोरीटला जायची, तीही एकदोनदा आमच्याकडे येऊन गेली. माया तेवढीच होती, पण चुलीपाशी बसलो की विळी ती स्वतः उचलून आणायची, सुरी मागायची नाही, द्यायची नाही. आमच्या दोघींमध्ये टेकत टेकत फिरणारी ती सुरी थांबली होती. मला फार राग यायचा. मी वाद घालायची. म्हणायची, अगं, तू एक लेकरू वाचवलंस, त्यासाठी लोखंड रागावतं होय? तसं असेल तर चुलीत घाल ते लोखंड. म्हणायची, पाण्याच्या पाळीवर भांडले ते दोघे बाप्ये, त्यांना धर की, सुरीला काय धरतेस? ती ऐकून घ्यायची. शांत, बारीक हसायची. एकदा फक्त म्हणाली, "सारा गावनी सुरी मी देखी, आन् मन्हीच माले समजनी नही." चिडून मी त्या दिवशी लवकर निघाले, आणि रस्ताभर मनात तिच्याशीच बोलत राहिले.

महायुद्धाच्या वर्षांत लोखंड दिसेनासं झालं. बाजारात ज्या सुऱ्या यायच्या त्या सगळ्या गाठीच्या पट्टीच्या, आणि लोक त्याही घ्यायचे. लढाई संपली तरी ते फारसं पालटलं नाही. या पौषात जिजी आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी नंदुरबारच्या बाजारातून मुद्दाम एक सुरी विकत घेतली, आणि घेतली ती शोधून शोधून सगळ्यात वाईट. चकचकीत, पातळ, मुठीवर लाल रंग. दुकानदाराने तिचे गुण गायला सुरुवात केली तेव्हा मी त्याला गाऊ दिलं. ती पिशवीत घालून कोरीटला गेले. जिजी पडवीत झोपली होती. आतल्या खोलीत वेचणीचा कापूस छताला लागेल एवढा रचला होता, दारातून तो तिच्या अंथरुणापर्यंत सांडला होता, आणि दुपारच्या उन्हात त्याची रुई हवेत तरंगत होती. तिच्या केसांवर, गोधडीवर, पापण्यांवरसुद्धा रुई बसली होती. डोळ्यांनी तिला आता नीट दिसत नव्हतं. मी जवळ बसले. तब्येतीचं बोलणं झालं, पोराबाळांचं झालं, मग मी पिशवीतून सुरी काढली आणि सरळ तिच्यापुढे धरली. "देख वं जिजी, नवी लिधी. दुकानदार म्हने, अशी सुरी खान्देशमा नही."

गोधडीतून तिचा हात आला. तिने सुरी घेतली, माझ्या हातातून. दोन बोटांत सैल लोंबती धरली आणि टिचकी मारली. ठप. तिने डोळे मिटले, पुन्हा मारली. ठप. मग अंथरुणाशी सांडलेल्या कापसाची चिमूट घेऊन तिने धारेवरून ओढली, तर धारेला सगळीकडे पांढरी लव लागली. आणि जिजी हसायला लागली. हसता हसता खोकला आला तरी थांबेना. "फसाडं तुले धाकले, फसाडं," ती म्हणाली, "गाठनी पट्टी शे हाई." मीही हसले, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही, कारण तिला ते दिसणार नव्हतं. केवढ्या वर्षांनी मी तिला टिचकी मारताना पाहत होते. मग तिचं हसू हळूहळू ओसरलं. तिने सुरी छातीवर धरली. "हातमाच दिधी ना तू?" मी म्हटलं, "हातमाच." "आते आपलं भांडन व्हई." मी म्हटलं, "व्हऊ दे. इतला वरीसनं राह्यनं शे, करी लेसूत." तिने डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. मी उठले तेव्हा तिने माझा पदर धरला, आणि सावकाश, हसू आणि रडू यांच्या मधल्याच कुठल्या तरी आवाजात म्हणाली, "मंग भांडाले तरी येत जाय वं." मी येते म्हटलं. मला पुढच्या बाजारच्या दिवशी खरंच जायचं होतं. त्याआधीच ती कापसाची गाडी आमच्या दाराशी थांबली.

तेराव्याला कोरीटला होते. सगळं आवरल्यावर जिजीची सून मला आत घेऊन गेली आणि तिने देव्हाऱ्यावरच्या कोनाड्यातून ते जुनं फडकं काढलं. मला वाटलं, आत आता गंजाचं खापर असणार. फडकं सोडलं तर यात्रेतली सुरी तशीच्या तशी, काळी, तुकतुकीत, करडईच्या तेलाचा वास येणारी. मी सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, सासूबाई वर्षातून एकदा, यात्रेच्या दिवसांत, ही खाली काढायच्या. पुसायच्या, तेल लावायच्या, मग जमिनीवर ठेवायच्या, हात मागे घ्यायच्या आणि समोर पाहत बसून राहायच्या. पुष्कळ वेळ. मग स्वतःच उचलून पुन्हा फडक्यात बांधायच्या. विचारलं तर सांगायच्या नाहीत. सुनेला ते कधी उमगलं नव्हतं. मला उमगलं, आणि मी तिथेच खाली बसले. नावेतून उतरल्यापासून जिजी दरवर्षी ती सुरी मला नीट देत होती, जशी द्यायला हवी होती तशी. आणि उचलायला मी तिथे नव्हते. मी नंदुरबारला बसून तिच्या वेडाला हसत होते.

सुनेने सुरी माझ्यापुढे जमिनीवर ठेवली आणि हात मागे घेतला. तिच्या सासूने शिकवलेलं ते. "उचला ना काकू," ती म्हणाली. मी उचलली.

ती आता माझ्या स्वयंपाकघरात असते. आमच्या सुनेला तिचं काळं रूप आवडत नाही, तिने चकचकीत दुसरी आणली आहे, आणि ती कसल्या लोखंडाची आहे हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. दुपारी सगळे पडले की मी वांगी घेऊन बसते, पाठीवरच्या त्या खरखरीत दातांवरून बोट फिरवते आणि टिचकी मारते. आवाज निघतो तो विझेपर्यंत हलत नाही. मग मी भांडते. थांबली का नाहीस म्हणून भांडते, एवढी वर्षं एकटीच बसून राहिलीस आणि मला एक निरोप का धाडला नाहीस म्हणून भांडते, बाजारचा दिवस एवढा का लांब होता म्हणून भांडते. तोंडाने काही नाही, मनातल्या मनात, पण चांगलं कडाकडा. वांगी चिरून होतात. मी सुरी पुसते, जमिनीवर ठेवते आणि हात मागे घेते.